सतरा नंबरचं सूप
तंबाखूचा उग्र वास आला की निपाणीतला तो विडी कारखाना आठवतो, आणि तिथल्या विड्या तपासणाऱ्या चेकरवर माझं डोकं अजून तापतं. आई त्याला उलट बोलायची, म्हणून तो रोज तिच्या निम्म्या विड्या खराब म्हणून फेकायचा आणि तिची मजुरी बुडायची. मी बी.ए. होऊन तिथंच कारकून झालो आणि मालकाला पटवून नवी पद्धत लावली: विड्यांच्या प्रत्येक सुपाला पत्र्याचा नंबर, नावं फक्त माझ्या वहीत, बायका पडद्यापलीकडं. "शिकलास म्हणून मला शिकवतोस व्हय रं?" चेकर गुरगुरला. "न्हाय, कुणाचं सूप ते तेवढं झाकतोय," मी म्हणालो. पहिल्याच दिवशी सतरा नंबरचं सूप बघून तो बोलून गेला, "विड्या वळाव्यात तर अशा!" मी आईचं नाव पुकारलं. ती पुढं येताच त्यानं पुन्हा सुपात हात घातला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं. "आप्पा, सूप बघून झालंय. आता माझं तोंड बघून विड्या फेकू नगंस." आठवड्यात त्यानं मला कामावरून काढायला लावलं, नंबर मात्र राहिले, कारण त्याशिवाय एकाही बाईनं सूप पुढं केलं नाही. सतराचा पत्रा आईनं परत दिलाच नाही. आज तो माझ्या पदवीच्या फ्रेमखाली ठोकलेला आहे, आणि त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.