पाटीपाशी ठेवलेले खडे

गोविंदनाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी देवांना स्नान घालीत होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. पूजेत खंड पडू नये म्हणून तो काही बोलेना. मी मान वर केली तेव्हा त्याने एवढेच म्हटले, "बुवा, आज मैदान आखलेलं नाही..." मला पुढचे विचारावे लागले नाही. जळगावच्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवू लागलो त्याच्याही आधीपासून ते मैदान रोज सकाळी नानाच आखीत. ताप असो, घरात कार्य असो, शाळेला सुटी असो. हातातले तीर्थपात्र मी खाली ठेवले, आणि देवांची क्षमा मागून, ओल्या अंगावर उपरणे घेऊन निघालो.

आता त्या गोष्टीला काही आठवडे लोटले आहेत. पुरवणीसाठी नानांवर चार शब्द लिहावेत असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. नाना व्यायामशिक्षक, मी पाठशाळेत वाढलेला. धावणे मला कधी जमले नाही आणि खेळातले मर्म आजही कळत नाही. परंतु एका प्रश्नावर आम्ही दोघे आयुष्यभर भांडलो, आणि तो प्रश्न मनात तसाच ठेवून ते गेले. त्याविषयी लिहिणे मला भाग आहे.

नानांचा खेळ आट्यापाट्यांचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मैदानावर ओळीने नऊ आडव्या रेषा, म्हणजे पाट्या. प्रत्येक पाटीवर प्रतिपक्षाचा एक रक्षक हात पसरून उभा. त्याचा स्पर्श टाळून, त्याला हुलकावणी देऊन, एकेक पाटी ओलांडीत पार जायचे आणि तसेच परत यायचे. त्या नऊ रेषा आखण्याआधी नाना अनवाणी पायांनी सबंध मैदानावर फिरत. पायाला खडा लागला की वाकून उचलीत, काटा लागला की उपटीत, आणि गोळा झालेले सारे पहिल्या पाटीच्या खुंटीपाशी ढीग करून ठेवीत. मुले अनवाणी खेळतात, तेव्हा जे टोचायचे ते आधी मास्तरांना टोचावे, असा त्यांचा नेम. मग गाठी मारलेला सुंभाचा दोर ताणून ते चुन्याची रेघ ओढीत. महायुद्धाच्या वर्षांत चुना मिळेना, तेव्हा घरोघर चुलीतली राख मागून आणीत. देवापुढे रांगोळी काढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते, ती मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत आमचा वाद रंगे. नानांचे म्हणणे असे की, उपजत गुण नावाची वस्तूच नाही. मुलगा म्हणजे माती, आणि मास्तराच्या हाताला सवड व चिकाटी असली की मातीचे काय वाटेल ते होते. जामनेरकडचा एक बोजड अंगाचा मुलगा त्यांनी दोन वर्षांत असा तयार केला होता की, त्याचे वडील सामना पाहायला आले ते आपल्याच मुलाला ओळखेनात. त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिली हूल डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी पुन्हा डावीकडे दाखवून उजवीकडून निसटायचे. नऊही मुलांनी एकाच तालात, मनातल्या मनात मोजत. मी म्हणे, "नाना, बुद्धी काय, पाय काय, पूर्वसंस्कारावाचून उमलत नाहीत. तुम्ही पाणी घालता, बीज तुमचे नव्हे." त्यावर ते डब्यातली भाकरी मोडत हसत. "शास्त्रीबुवा, तुमचं बीज बसू द्या मागच्या जन्मात. मला या जन्मात धुळ्याशी सामना आहे!"

अशा दिवसांत सुकलाल शाळेत आला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे गाव. इथे असोद्याला मावशीकडे राही आणि तिथून रोज शाळेला चालत येई. वर्गात माझ्यासमोर तो शब्दरूपे चाचरत म्हणे, पण मैदानावर... त्याला पाहिले आणि मला प्रथमच वाटले की, या खेळात आपल्यालाही काही कळते. तो हूल देतच नसे. पाटीसमोर येऊन अगदी सैल उभा राही, जणू कोणाची वाट पाहत असावा. रक्षकाला कळायच्या आत तो पलीकडे असे. ओलांडताना कोणाला दिसत नसे, ओलांडलेला दिसे. नानांनी एकदा त्याला सर्वांसमोर विचारले, "अरे, केव्हा निसटायचं हे तू ठरवतोस कसं?" सुकलालने मान खाली घातली. "मी नही ठरावत, मास्तर. ते पायले ठाऊक शे."

मुले हसली. मी नानांकडे विजयाने पाहिले. नाना म्हणाले, "तुमच्या शास्त्राप्रमाणे हा मागल्या जन्मी हरीण असणार. पण बुवा, हरणाला आठ जोडीदार नसतात."

ते बोलणे थट्टेचे होते, तरी त्यात चिंता होती. त्या वर्षी धुळ्याच्या शाळेशी सामना झाला, तेव्हा सुकलाल एकटा सगळ्या पाट्या ओलांडून परत आला आणि बाकीचे अडकले. त्याच्याकडे पाहण्याच्या नादात त्यांचा ताल सुटला होता. आम्ही हरलो. परतीच्या वाटेवर गाडीत नाना खिडकीबाहेर बघत होते. "याला पद्धतीत बसवला पाहिजे," एवढेच ते बोलले. मी म्हणालो, "गाणाऱ्या पाखराला सूर शिकवायला जाऊ नका." ते म्हणाले, "मी पाखराला नाही शिकवत, पोराला शिकवतो. उद्या पाय थकले तर त्याच्यापाशी उरेल काय? शिकलेलं उरतं."

हे त्यांचे म्हणणे उथळ नव्हते, हे मला आजही मान्य आहे. नानांनी त्या मुलावर जीव ओतला. शाळा सुटल्यावर सावल्या लांब होईपर्यंत ते त्याच्याकडून त्या तीन हुली करून घेत. घरून त्याच्यासाठी दूध आणीत, पायांना तेल लावून देत. सुकलालही असा आज्ञाधारक की, मास्तरांच्या पाया पडल्यावाचून पाटीवर उभा राहत नसे. आणि तो शिकला, अगदी रेघेसारखा शिकला. वर्षाअखेरीस त्याच्यात आणि इतर मुलांत फरक करणे मला तरी कठीण झाले. संघ मात्र एका श्वासात हालू लागला. नाना समाधानाने म्हणत, "बघा बुवा, आता नऊ सुकलाल आहेत."

पुढचा सामना धुळ्यालाच झाला. त्यांच्या शाळेत तेव्हा नवे व्यायामशिक्षक आले होते, आणि ते दुसरे कोणी नव्हते, तर नानांचाच जुना विद्यार्थी, ज्याला त्यांनी आट्यापाट्यांची अक्षरओळख करून दिली होती. त्याने मैदानावर येऊन सर्वांसमोर नानांना वाकून नमस्कार केला. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कसं काय, पोरं तयार आहेत ना?" तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत ते शिकवलंय, नाना." नानांना ते फार आवडले. त्या वाक्यात काय आहे, हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

शिट्टी झाली आणि थोड्याच वेळात ते उलगडले. धुळ्याचे रक्षक पहिल्या हुलीला हालत नव्हते, दुसरीला हालत नव्हते. तिसरीला ते आधीच आमच्या उजवीकडे झुकलेले असत. त्यांनाही तोच ताल ठाऊक होता, तेही मनात तेच मोजत होते. आमचा एकेक मुलगा आपण होऊन त्यांच्या हातात जाई. शेवटी सुकलाल उरला. त्याने दोन पाट्या कशाबशा ओलांडल्या. तिसरीपाशी तो आला, तेव्हा नाना सीमेवरून सर्व शक्तीनिशी ओरडले, "सुकलाल, सोड ते! तुझ्या मनाचं कर!"

तो थांबला. मी ते दृश्य विसरू शकत नाही. तो पूर्वीसारखा सैल उभा राहण्याचा प्रयत्न करीत होता. एकदा त्याने मान वळवून नानांकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले, एखादी ओळखीची वस्तू कोठे ठेवली ते आठवावे तसे... आणि रक्षकाने सावकाश पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

सामना संपल्यावर धुळ्याचे ते शिक्षक पुन्हा नानांच्या पाया पडले. नानांनी आशीर्वाद दिला. त्या दिवशी जिंकलेही नानांचेच शिक्षण आणि हरलेही नानांचेच. आमच्या वादाचा निकाल कोणी लावायचा म्हटले तर कसा लावावा, ते मला अजून कळलेले नाही.

त्या उन्हाळ्यात सुकलालच्या वडिलांनी त्याला शेतीकडे बोलावून घेतले. सुटी संपली तरी तो परतला नाही, तेव्हा नाना चोपड्याला निघाले आणि मलाही बरोबर घेतले. सुकलाल केळीच्या बागेत पाणी देत होता. आम्हाला पाहून धावत आला, पाया पडला, घोंगडी अंथरली. नानांनी शाळेची फी, राहण्याची सोय, सगळे आपल्यावर घेतो म्हणून सांगितले. वडील विचारात पडले. सुकलालच म्हणाला, "नही मास्तर. आते माले खेयता येस नही."

"येईल रे. जुनं सगळं विसरू. तुझं तूच खेळ, मी शिट्टीसुद्धा वाजवणार नाही."

सुकलालने बराच वेळ मातीत बोट फिरवले. "पहिले पाटीजोडे उनू का पाय आपोआप निंघी जायेत. आते पाय माले इचारतस. मी काय सांगू त्यास्ले?"

पूर्वी पाटीजवळ आले की पाय आपोआप निघून जात, आता ते त्यालाच विचारीत; हे सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर नानांना सोसले असते, असे मला वाटते.

त्यानंतरचे नाना निराळे होते. वाद त्यांनी सोडून दिला. मी मुद्दाम डिवचले तरी डब्यावरची नजर हालवीत नसत. नवीन मुले आली की कित्येक दिवस ते त्यांना काहीच शिकवीत नसत, नुसते बाजूला उभे राहून पाहत. मुख्याध्यापकांना तो आळस वाटला आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. नाना म्हणाले, "साहेब, पाहतोय की कोणाला शिकवू नये." या उत्तराचा अर्थ त्यांना कळला नाही. संघ पुढे सामने जिंकत राहिला, हरतही राहिला. नाना दोन्ही वेळा सारखेच पाठ फिरवून दोर गुंडाळीत.

जाण्याच्या काही दिवस आधी ते माझ्या ओट्यावर आले होते. बोलता बोलता म्हणाले, "बुवा, तुमचंच खरं होतं. बीज होतं. मी ते उकरून पाहिलं." मी त्यांना जामनेरच्या मुलाची आठवण करून दिली. म्हटले, "त्याला तुमच्यावाचून कोण उभे करणार होते? ईश्वर कोणाला पाय देतो, कोणाला गुरू देतो." ते थोडे हसले. "ज्याला पाय दिले त्याला मी भेटायला नको होतं..." याच्यावर देण्यासारखे उत्तर मी शास्त्रांत पुष्कळ शोधले आहे. जी सापडली ती सगळी माझ्या समाधानाची होती, त्यांच्या नव्हे.

तेराव्याला सुकलाल आला. डोक्यावर टोपी, कानशिलांवर पांढरे केस. त्याने नाव सांगितले तेव्हाच मी त्याला ओळखले. जेवणे झाल्यावर तो हळूच म्हणाला, "बुवा, मैदान दखाडशात का?" आम्ही दोघे शाळेवर गेलो. नानांनी शेवटच्या वेळी आखलेल्या रेघा अजून अस्पष्ट दिसत होत्या. मी विचारले, गावात पोरांना खेळ शिकवतोस की नाही? तो म्हणाला, "नही. शिकाडाची भीती वाटस. मी खयं झाडी देस, काटा-खडा येची लेस. पोरं खेयतस, मी बसी ऱ्हास." खळे झाडायचे, काटे-खडे वेचायचे आणि पोरे खेळताना नुसते बसायचे, एवढेच तो करी. मग म्हणाला, "मास्तर जसा येचेत ना, तसाच."

हे नानांनी ऐकायला हवे होते. त्यांनी त्याला जे शिकवले ते त्याच्यापासून निघून गेले, आणि जे कधी शिकवलेच नाही ते त्याच्यापाशी राहिले. ऐकून नाना सुखावले असते की आणखी खचले असते, हे मात्र मी सांगू शकत नाही.

सुकलालने वहाणा काढल्या. पहिल्या पाटीपाशी जाऊन तो सैल उभा राहिला. खांदे उतरलेले, हात मोकळे, अगदी त्या पहिल्या वर्षीसारखा. समोर रक्षक कोणी नव्हता. तो आता निसटणार असे मला वाटले... पण तो वाकला, पायाखालचा एक खडा त्याने उचलला, आणि रेघ न ओलांडता तिच्या कडेकडेने चालू लागला. साऱ्या मैदानाला वळसा घालून, ओंजळीतले खडे त्याने पहिल्या पाटीच्या खुंटीपाशी, नाना ठेवीत तिथेच ठेवले.

नवे व्यायामशिक्षक काल विचारीत होते, हा ढीग उचलून टाकू का? मी म्हटले, राहू द्या.