पाचवा दगड

गावातले लोक त्याला वाटाड्या म्हणत. नदीकाठची अकरा किलोमीटरची पायवाट आणि तिच्यावरची तीन जुनी गावं त्याला पाठ होती. बावीस वर्षं त्यानं ती वाट सांभाळली होती. झुडपं छाटायची, फाटकांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं, पुरात खचलेला काठ पुन्हा भरून काढायचा. त्या बावीस वर्षांत तो कुणाशी फारसं बोलला नाही, कारण वाटेवर बोलायला कुणी नसेच.

मग शहरातल्या लोकांना चालायची हौस आली. एका बाईनं सहलींचं ऑफिस काढलं, दर रविवारी तीसेक माणसं येऊ लागली आणि त्यांना जुना मनोरा, टोलघर, पाणचक्की दाखवायला तिनं वाटाड्याला नेमलं. पहिल्याच रविवारी तो चक्कीजवळ पाय घसरून पडता पडता वाचला आणि सगळे हसले. पन्नाशी उलटल्यावर त्याला शोध लागला, की आपण लोकांना हसवू शकतो. तेव्हापासून त्याच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही.

पण दगडी मनोऱ्यावर किती विनोद करणार? हसायला माणूस लागतो. चालणाऱ्यांपैकी कुणी लठ्ठ असे, कुणाला धाप लागे, कुणी भलतेच बूट घालून येई. ती गिऱ्हाइकं रविवारपुरती असत. घरचं गिऱ्हाईक मात्र कायमचं होतं, ते म्हणजे त्याचा जावई.

जावई ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, तेव्हा तो बायकोला घेऊन सासऱ्याच्या घरी राहायला आला. वाटाड्याची बायको पूर्वीच गेली होती, दोन खोल्या रिकाम्या होत्या. वाटाड्यानंच ऑफिसात शब्द टाकला आणि जावयाला जथ्याच्या शेवटी चालायचं काम मिळवून दिलं. मागे कुणी राहत नाही ना, एवढं बघायचं.

"मंडळी, मागे वळून बघा," वाटाड्या टोलघरापाशी थांबून म्हणे. "ते आमचे जावईबापू. घरजावई. मी वाट दाखवतो, ते वाट लावतात."

लोकांची हसून हसून पुरेवाट होई. जावईही हसे. सहा वर्षं दर रविवारी तो हसला. जथ्यात मधे चालणारी लेक कधी कधी खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राही.

एकदाच तो घरी म्हणाला होता, "मामा, तेवढं घरजावई म्हणू नका लोकांसमोर."

"का? नाही आहात?" वाटाड्या म्हणाला, आणि पुढच्या रविवारी त्यानं हा संवादही लोकांना करून दाखवला, जावयाच्या आवाजात.

सातव्या वर्षी वाटाड्याचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं दिसे, समोरचंच दिसेना. माणसाकडे बघितलं की कान दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता परतायचं नाही. त्यानं ते फक्त लेकीला सांगितलं.

"ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला. कुणाला बोलू नकोस."

"यांनाही नाही?"

"त्याला तर मुळीच नाही."

वाट त्याच्या पायाखालची होती. मनोऱ्यापासून फाटकापर्यंत किती पावलं, चक्कीच्या दारापासून नदीपर्यंत किती, सगळं त्यानं मोजून ठेवलं. चक्कीच्या खाली नदी उथळ होती आणि ओलांडायला सात मोठे दगड टाकलेले होते. तिथे त्याचा ठरलेला खेळ असे. लोकांकडे तोंड करून, बडबडत, तो उलटा चालत दगड ओलांडी आणि पाचव्या दगडावर पाय घसरल्याचं सोंग करी. हात हवेत फिरवी, ओरडे. बायका किंचाळत, मग टाळ्या पडत. डोळे गेल्यावरही त्यानं हा खेळ सोडला नाही. उलटं चालणाऱ्याला डोळे कशाला हवेत?

लेकीनं मात्र महिन्याभरात नवऱ्याला सांगून टाकलं. तिला वाटलं, कळलं म्हणजे तो वडिलांना सांभाळून घेईल.

त्या वर्षी पाणी वाढलं. ओसरल्यावर शनिवारी ऑफिसनं जावयाला वाट बघून यायला पाठवलं. संध्याकाळी तो परत आला तेव्हा वाटाड्या स्वयंपाकघरात बूट पुसत बसला होता.

"दगड?" त्यानं विचारलं.

"आहेत जागेवर," जावई म्हणाला आणि हात धुवायला गेला.

रविवारी ऊन पडलं होतं. वाटाड्या रंगात होता. निघतानाच त्यानं एका वयस्क बाईंना गाठलं. "मावशी, हे बूट चालायचे आहेत की लग्नाला जायचे?" सगळे हसले. बाई लाल झाल्या आणि चक्कीपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

नदीवर त्यानं नेहमीसारखं लोकांना काठावर उभं केलं आणि उलटा चालू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचवं पाऊल पाण्यात गेलं. तो पाठीवर पडला आणि त्याची कंबर सहाव्या दगडाच्या कडेवर आपटली.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. तो ओरडला, तसे लोक आणखी हसले, कारण ओरडणं हा खेळाचाच भाग होता हे आधी येऊन गेलेल्यांनी नव्यांना सांगून ठेवलं होतं. पाणी गुडघाभरच होतं, पण त्याला उठता येईना. तोंड वर यायचं आणि पुन्हा खाली जायचं. दोघा-तिघांनी फोन काढून फोटो घेतले. जथ्याच्या शेवटी जावई हाताची घडी घालून उभा होता.

त्या बूटवाल्या बाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता. म्हणून त्यांच्याच लक्षात आलं, की माणूस गटांगळ्या खातोय. त्या तशाच बुटांनिशी पाण्यात उतरल्या आणि त्याचं डोकं वर धरून ओरडल्या, "अहो, दात काय काढताय! मरतोय तो!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन ऑपरेशनं झाली, तरी तो पाय आखूडच राहिला. दवाखान्यात डोळ्यांचीही गोष्ट बाहेर आली. ऑफिसच्या बाई फुलं घेऊन आल्या आणि जाताना दारात जावयाशी हळू आवाजात बोलल्या. पुढच्या रविवारपासून जावई जथ्याच्या पुढे चालू लागला.

घरी आणल्यावर वाटाड्यानं तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी जावई औषध द्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "पाचवा दगड वाहून गेलाय, हे तुम्ही शनिवारी बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं, मामा."

"मग?"

"मला वाटलं, लोक हसतील." गोळी तळहातावर ठेवून त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या."

वाटाड्यानं गोळी घेतली. दुपारी लेक चादर बदलायला आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. ती चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिली.

"मला माहीत आहे, बाबा. तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं होतं तेव्हाच सांगितलं त्यांनी."

"आणि तरी तू त्याच्याबरोबर राहतेस?"

"सहा वर्षं मी त्या जथ्यात चालले," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरही राहिलेच की."

तिनं दुसरं टोक खोचलं आणि जुनी चादर उचलून बाहेर गेली. त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही. तिघं एकाच टेबलावर जेवत.

घर मधल्या गावात होतं, आणि त्याच्या खोलीची खिडकी पायवाटेच्या अरुंद गल्लीवर उघडे. जथा रविवारी तिथूनच जाई. जावई खिडकीखाली थांबून म्हणे, "हे आमचे मामा, या वाटेचे पहिले वाटाडे. नदीनं एकदा नेलं होतं, पण चावून बघितलं आणि परत केलं." लोक हसत आणि वर बघून हात हलवत. वाटाड्याही हात हलवी. न हलवावा, तर आखडलाय म्हणतील असं त्याला वाटे.

एका रविवारी जावई खिडकीखाली टोलघराची माहिती सांगताना चुकला. कुठल्या पुरानंतर ते नव्यानं बांधलं, हे त्यानं भलतंच सांगितलं. वाटाड्याला राहवलं नाही. तो खिडकीतून म्हणाला, "त्याच्या आधीचा पूर. पायरीवर खूण आहे त्याची, डाव्या हाताला. मीच घासून मोकळी केली होती."

खालचे सगळे वर बघू लागले. मग एका मुलीनं विचारलं, "काका बरोबर सांगतायत का?"

जावयानं मान जराशी कलती केली. "त्यांचं आता थोडं इकडचं तिकडे होतं," तो मायेनं म्हणाला.

"अच्छा," मुलगी म्हणाली. ती खिडकीजवळ आली, आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो, काका! छान! आता आराम करा हं!"

तिच्या चेहऱ्याच्या जागी त्याला नुसता राखाडी डाग दिसला. त्याला पायरी, खूण, साल, सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण कुठला शब्द आधी घ्यावा ते सुचेना, आणि खालच्या लोकांनी ते उघडं राहिलेलं तोंड बघून समजुतीनं माना हलवल्या. जथा नदीकडे निघून गेला. लेक आतून आली आणि तिनं खिडकी लावून घेतली.