हत्यारांच्या पिशवीवर बसणारे

तळ्यावरच्या बोटीचं मशीन बिघडलं की एक मेकॅनिक येत. मी धक्क्यावर शेंगा विकत असे, म्हणून ते नेहमी दिसत. नाव कधी विचारलं नाही. आल्याबरोबर ते हत्यारांची पिशवी उघडत नसत, तिच्यावर बसत. मग प्लग काढून हुंगत आणि प्रत्येकाला आपल्या कानडी ढंगात म्हणत, "सरी, सरी. अजून सांगा."

त्या शनिवारी दोरी ओढून ओढून आमच्या ह्यांचे हात दुखले, तरी जुनं मशीन चालू होईना. बोट तेच चालवत. मालकानं त्यांना बजावलं होतं, "उद्यापर्यंत चालू झालं नाही तर दुसरं काम बघ." हे, मालक आणि वॉचमन एकदमच बोलत होते. कुणी म्हणे पेट्रोल खराब, कुणी म्हणे प्लग.

"स्वल्प थांबा," मेकॅनिक म्हणाले. "अक्का, तुम्ही रोज इथं बसता. वेगळं काय दिसलं?"

मी आधी ह्यांच्याकडे पाहिलं. "पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा," मी म्हटलं. "आधी चारदा दाबला की कडक व्हायचा. आता मऊच राहतो."

त्यांनी नळी चाचपली. टोकाला चीर होती, तिथून हवा आत जात होती. तेवढा तुकडा कापून त्यांनी नळी परत बसवली. दुसऱ्या ओढीला मशीन धडधडलं. ह्यांनी चक्क शिट्टी मारली.

"काय झालं होतं?" मालकानं विचारलं.

"अक्कांना विचारा. त्यांनीच ओळखलं."

भाजीवाल्याशीसुद्धा मी ह्यांनाच बोलायला लावते. पण त्या दिवशी गोळा हातात धरून मालकाला सगळं सांगितलं. त्याला कळलं नाही, म्हणून परत सांगितलं.