एकच कागद दोनदा

माझा धाकटा भाऊ आता जिना चढताना दोनदा थांबतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला मोजून बावीस पायऱ्या. थांबला की कठड्याला हात लावून खालच्या दारातली रांगोळी बघत असल्याचा आव आणतो. मी पिशव्या घेऊन मागून येत असते. मीही थांबते. तोंड उघडलं तर त्यातून काही चांगलं निघेल याची मला खात्री नाही.

मला एचआयव्ही आहे. हे सांगायची लाज मी कधीच सोडली. ज्यांना लाज वाटायला हवी होती, त्यातला एक वर गेला आणि बाकीचे माळशिरसला आहेत. नवऱ्याला स्वतःला एचआयव्ही आहे हे लग्नाआधीपासून माहीत होतं. सासूलाही माहीत होतं. त्याच्या तपासणीचा कागद तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलेला होता. तो मला सापडला त्याच्या तेराव्यानंतर, डबा घासायला काढला तेव्हा. म्हणजे दोन वर्षं मी त्याच डब्यातले तांदूळ काढून त्यांना भात वाढत होते.

भाऊ मला न्यायला आला. तेव्हा तो महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात नुकताच लागला होता, गल्लीगल्लीत जाऊन पाण्याची चावी सोडायचं काम. घरी आल्यावर एका मावशीने माझं ताट वेगळं ठेवलं. त्याने ते ताट उचललं, माझ्यासमोर मांडी घातली आणि त्याच ताटात जेवला. मावशी पुन्हा आली नाही. त्या दिवशी मी त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: माझ्यापासून कागद लपवायचा नाही.

त्यातून आमची एक रीतच पडली. दर सहा महिन्यांनी माझा रिपोर्ट आला की भाऊ तो हातात धरून मोठ्याने वाचायचा. मला वाचता येत नाही असं नाही, चांगली बारावी झालेय. पण तो वाचायचा आणि मी ऐकायची, हॉस्पिटलच्या आवारात, सायकल स्टँडजवळ उभं राहून. आधी नंबर, मग आकडे, मग सही कुणाची. लोक बघायचे. त्याला काही वाटायचं नाही. पंधरा वर्षं त्याने एक ओळ गाळली नाही, असं मी छातीठोकपणे सांगायची.

मग ती हृदयाची तपासणी आली. जिथून मी गोळ्या आणते तिथल्या सिस्टरनी विचारलं, वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्यांचं हृदय कसं आहे ते स्कॅन करून बघायचंय, आणि जोडीला एचआयव्ही नसलेली माणसंही हवीत, त्याच घरातली असली तर उत्तमच. भाऊ लगेच तयार झाला. त्याला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. "बगू द्या की कुनाचं भारी हाय," म्हणाला. दोघांचं स्कॅन झालं. कागदांवर नाव नाही, नुसता नंबर, म्हणजे कुणाला काही कळायला नको. नंबराची दोन कार्डं मिळाली आणि दोन्ही माझ्या पर्समध्ये राहिली, कारण भावाच्या खिशात चावीशिवाय काही टिकत नाही.

रिपोर्ट आले ते मे महिन्यात. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि मे महिन्यात आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. भाऊच जाऊन दोन्ही पाकिटं घेऊन आला, ओळखीचा म्हणून कार्डं न दाखवताच मिळाली. संध्याकाळी मी गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. तो समोर उभा राहिला आणि आधी स्वतःचा रिपोर्ट वाचला. हृदय चांगलं, रक्तवाहिन्या मोकळ्या, बाकी काही नाही. मग पाकीट बदललं आणि माझा वाचला. हृदय चांगलं, रक्तवाहिन्या मोकळ्या, बाकी काही नाही.

"नंबर वाचला न्हाईस," मी म्हटलं.

"आक्का, दमलीस तू. नंबर काय पळून जातोय व्हय?"

मी हसले. खरंच दमले होते.

त्यानंतरचे महिने माझे लाडाचे गेले. भावजय रोज सकाळी भिजवलेले बदाम पुढे करायची. पाणी यायच्या दिवशी मला घागरीला हात लावू द्यायची नाही. "तुमी बसा हो आक्का, मी हाय की." भाऊ दर गुरुवारी मला अक्कलकोटला न्यायला लागला. मठात तो डोळे मिटून इतका वेळ उभा राहायचा की मागचे लोक कानडीत कुरकुर करायचे. मला वाटलं, चाळिशी आली, देवाकडे वळला. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत होते, माझ्यासारखं माहेर कुणाला मिळायचं नाही. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

जानेवारीत गॅसचं पुस्तक शोधताना मिक्सरच्या वॉरंटीच्या कागदांमागे ते पाकीट हाताला लागलं. आत इंग्रजीत टाईप केलेला कागद. हृदय ठीक. पण खाली वेगळ्या परिच्छेदात लिहिलं होतं: उजव्या फुप्फुसात लहान डाग, छातीच्या डॉक्टरांना दाखवावं, तीन महिन्यांत पुन्हा स्कॅन करावं. मी महिने मोजले. आठ झाले होते.

मला आधी मरणाची भीती वाटली नाही. आधी डोळ्यांसमोर तांदळाचा डबा आला.

भाऊ कामावरून आला तेव्हा मी पाकीट त्याच्या पुढ्यात टाकलं. भावजय आतून आली आणि रडायला लागली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"तुला घाबरवायचं नव्हतं आक्का," तो म्हणाला. "आदीच तुज्या मागं काय कमी हाय का? म्हटलं, जेवडे दिस हायेत तेवडे सुकात जाऊंदे."

"आणि वाचलंस काय तू त्या दिवशी?"

"चांगला हुता तोच दोनदा वाचला."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासू परकी होती, तिने आपल्या पोरासाठी फसवलं. तू माझ्या ताटात जेवलास आणि तूही तेच केलंस, हे मात्र म्हटलं. मी त्या दिवशी घरात पाणीसुद्धा प्यायले नाही. आमची रीत त्याने माझ्यावरच फिरवली होती. सासूने निदान कागद लपवून ठेवला. याने कागद हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत, त्यात नसलेलं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच हॉस्पिटलात गेले. सिस्टरनी कागद घेतला, कार्ड मागितलं. मी माझं दिलं. त्यांनी कार्ड बघितलं, कागद बघितला, परत कार्ड बघितलं.

"हा तुमचा नंबर नाही. दुसरं कार्ड आहे का?"

मी पर्समधून दुसरं काढलं. ते जुळलं.

मला समजायला वेळ लागला. सिस्टर मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तरुण डॉक्टर होते, शांतपणे सांगत होते. हृदयाचा फोटो काढताना शेजारचं फुप्फुसही त्यात येतं. शोधायचं एक असतं आणि निघतं भलतंच. एचआयव्ही असलेल्यांत निघतं तसं नसलेल्यांतही निघतं. तुमचं स्कॅन स्वच्छ आहे. तुमच्या भावाला ताबडतोब घेऊन या.

दोन्ही कार्डं आठ महिने माझ्याच पर्समध्ये होती. भावाने मागितली नाहीत, कारण मागितली असती तर मला संशय आला असता. आणि मागायची गरजही त्याला वाटली नाही. दोन कागद, एक चांगला, एक वाईट. त्यातला वाईट कुणाचा, यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही. आदल्या दिवशी तोच कागद माझ्याही हातात होता, वर नंबर छापलेला, आणि मीसुद्धा पर्स उघडून कार्डाशी नंबर जुळवला नाही. मीसुद्धा तो माझाच धरला. पंधरा वर्षं लोकांशी ज्या समजावरून भांडले, तोच माझ्या डोक्यात बसला होता. या गोष्टीचा राग मला भावापेक्षा माझाच जास्त आला.

रिक्षात एक विचार मनात येऊन गेला, तोही सांगते. आज नको, निदान त्याला जेवू दे. उद्या बघू. मग कळलं की त्यालाही मे महिन्यात अगदी असंच वाटलं असणार. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर चला.

भाऊ घरीच होता, कामावर गेला नव्हता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, कागद हातात धरला आणि मोठ्याने वाचला. आधी नंबर. मग त्याचं कार्ड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, बघ. मग डाग, मग तीन महिने, मग सही.

त्याने कार्ड उचललं. म्हणाला, "मला कसं असंल? मला काय..."

आणि थांबला. पुढचं मला न बोलताच ऐकू आलं. ताटात जेवणारा माझा भाऊ, त्याच्याही मनात रोग म्हटला की तो माझाच होता. त्याने माझ्यावर माया केली ती खरीच होती. पण आठ महिने तो माझं मरण सोसत होता, आणि त्यात त्याचे दिवस वाया गेले.

पुन्हा स्कॅन झालं. डाग वाढला होता. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं. फुप्फुसाचा एक भाग काढायचं ठरलं.

ॲडमिट करायच्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीपाशी उभे होतो. मधे तो, एका बाजूला भावजय, एका बाजूला मी. सगळे कागद माझ्या हातात. आतल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

भावाने पटकन हात केला तो माझ्याकडे.

मी त्याचा हात धरून खाली घेतला आणि सोडला नाही. खिडकीत वाकून म्हटलं, "हा आहे पेशंट. मी बहीण."