निळं पिंप आणि पेल्या-काट्याची खूण

‘गुरुवार, १४ जुलै २०२२. सकाळी ऊन, दुपारी वारा. घोड्यांची धार पाच वेळा काढली. आरोग्य खात्याची नुर्झात आली. दोन वाट्या चहा प्याली आणि निळं पिंप नापास करून गेली.’

सोनुन-आपाच्या वहीतली ही नोंद. आपाचं वय एकाहत्तर. नवरा मुकान जाऊन अकरा वर्षं झाली, पण वहीत एका दिवसाचा खाडा नाही. घोडीचं दूध आंबवून केलेलं तिचं किमिझ कोच्कोर गावच्या शनिवारच्या बाजारात बघता बघता संपायचं. फाटकाजवळचा कोपरा सासूच्या वेळेपासून तिच्या घरचा. पण एक शनिवार चुकला की उरलेल्या उन्हाळ्याला तो दुसऱ्याचा, अशी तिथली रीत.

आणि नुर्झातनं शनिवारच्या विक्रीच्या परवानगीची चिठ्ठीच अडवली होती.

“आपा, हे पिंप कुठून आणलंत?”

“जावयानं आणलं, गाड्या धुतात तिथून. सात पाण्यांनी धुतलंय मी.”

“सत्तर पाण्यांनी धुवा. साबणाचं रसायन प्लास्टिकमध्ये मुरतं. मुळात हे प्लास्टिकच खाण्यापिण्याचं नाही. किमिझ आंबट, त्यात यातलं काय काय उतरेल! नव्या नियमानं बुडाला पेल्याची आणि काट्याची खूण हवी.”

“काटा? किमिझ काय काट्यानं खातात, पोरी?”

नुर्झात हसली, पण चिठ्ठी काही दिली नाही.

सोनुन-आपा हार मानणारी नव्हती. विटाळलेलं भांडं धुरानं शुद्ध होतं, हे तिला आईनं शिकवलेलं. घरची कातडी पिशवी, जिच्यात किमिझचं विरजण असे, ती दर आठवड्याला तबिल्गीच्या झुडपाच्या काटक्यांची धुरी घेई. म्हणून तर किमिझला तो खमंग वास. मग पिंपानंच काय घोडं मारलंय? शुक्रवारी सकाळी तिनं काटक्या पेटवल्या आणि पिंप धुरावर पालथं घातलं.

तासाभरानं उचललं, तर पिंपाचं तोंड म्हाताऱ्याच्या ओठासारखं लोंबत होतं. तिनं ते घासलं, धुतलं, त्यात तांब्याभर किमिझ ओतलं आणि दुपारी शेजारच्या वडीलधाऱ्या कालिक-आकेला हाक मारली. एका घोटात घोडी कुठल्या कुरणात चरली ते सांगणारा माणूस.

कालिकनं घोट घेतला. डोळे पाण्यानं भरले. थुंकायची सोय नव्हती. दुधातुपाचं पांढरं अन्न जमिनीवर टाकणं म्हणजे महापाप. त्यानं ते देवाचं नाव घेऊन गिळलं.

“सोनुन, या घोडीला चाकं होती का गं?”

“आके, थट्टा पुरे. फार वाईट लागतंय का?”

“टायर पेटवून त्यावर दही लावल्यासारखं लागतंय.”

आपानं स्वतः बोट बुडवून चाखलं आणि पिंप बाजूला सारलं. तासाभराची धुरी प्लास्टिकनं अशी ओढून घेतली आणि घटकेत किमिझला परत दिली. मग रात्र रात्र त्यात आंबट किमिझ ठेवल्यावर? पोरगी उगाच बोलली नव्हती.

“आता उद्या?” कालिकनं विचारलं.

“पिशवीच नेते. तिसरा हिस्साच मावेल. मावेना का!”

शनिवारी नुर्झात फाटकाशी छापील कागद घेऊन उभी. पिशवी बघून तिचा चेहरा पडला.

“आपा, यात प्लास्टिकचा रकाना आहे, काचेचा आहे, पत्र्याचा आहे. कातड्याचा नाहीच हो! आणि खूण कुठली लिहू?”

“खूण हवी ना?” आपानं पिशवी फिरवली. कातड्यावर अर्ध्या चंद्राचा जुना डाग उमटलेला. “आमच्या घोड्यांचा डाग. मुकाननं स्वतःच्या हातानं दिलेला. तुझ्या काट्यापेक्षा जुना आहे.”

नुर्झातनं पिशवीचं तोंड उघडून वास घेतला. मग ‘इतर’ असं लिहिलं होतं तिथं तिनं ठळक अक्षरात लिहिलं: घोड्याचं कातडं, धुरी दिलेलं, चालेल. चिठ्ठी फाडून हातात देताना म्हणाली, “आणि आपा, पहिली वाटी माझी.”

“दुसरी. पहिली कालिक-आकेची. त्याच्या तोंडातली टायरची चव अजून गेलेली नाही.”

दहाच्या आत पिशवी रिकामी झाली. कोपरा राहिला.

त्या संध्याकाळी आपानं वहीत शेवटी लिहिलं: ‘निळ्या पिंपात कोळसा भरला. झाकण नीट बसत नाही.’