तारमास्तरांचा मुलगा नुसतं ‘के’ म्हणतो

आमच्या ह्यांची उभी नोकरी तारऑफिसात गेली. लोक पानभर रडगाणं लिहून आणायचे आणि हे त्यातले पाच-सहा शब्द ठेवून बाकीचे उडवायचे. शब्दाला पैसे पडायचे ना. त्याचा सूड उगवायचा म्हणून की काय, स्वतः मात्र बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. गल्ली अजून त्यांना तारमास्तर म्हणते.

डॉक्टरांनी छातीचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा ह्यांनी दुसऱ्या शहरातल्या आमच्या मुलाला हातभर मेसेज लिहिला. डॉक्टर काय म्हणाले, खोली कुठली मिळेल, तुझ्या आईला एकटीला झेपेल का, आणि शेवटी, तू आलास तर मला धीर येईल. उत्तर आलं, ‘के’. कधी येशील, असं विचारलं तर ‘आयडीके’. पुन्हा विचारलं तर ‘टीटीवायएल’.

हे अर्थ विचारायला वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीकडे गेले. के म्हणजे ठीक आहे. आयडीके म्हणजे माहीत नाही. टीटीवायएल म्हणजे नंतर बोलू. ते नंतर काही उजाडलं नाही. मग ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. आता शब्दाला दमडी पडत नाही, मग ही चिक्कूगिरी कशासाठी? भांडी आपटत मी ऐकून घेत होते, पण मलाही त्या पोराचा भयंकर राग आला होता. बापाला एक अक्षर टाकायचं, म्हणजे भीक घालण्यातलाच प्रकार.

काल ह्यांचं डोकं फिरलं. नोकरीतल्या सवयीनं त्यांनी लिहिलं, ‘ऑपरेशन गुरुवार. ये.’

चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. हल्ली ऐकू कमी येतं म्हणून हे स्पीकर लावतात.

“बाबा, काय झालं? तुम्ही असं तुटक कधी लिहीत नाही. धडकीच भरली मला.”

“मला रोज भरते,” हे म्हणाले.

मी गॅस बारीक केला.

“मग येतोस ना?”

“बघतो, बाबा.”

ह्यांनी फोन ठेवला आणि चहा मागितला. ‘बघतो’चा अर्थ विचारायला त्यांना वरच्या मजल्यावर जावं लागलं नाही.