हलगी गरम असेपर्यंत

तो गेला त्याला चार महिने झाले. पण आमचा बँड म्हटला की मला आधी ती सकाळ आठवते.

नव्वदच्या दशकात नाशिक रोडच्या एका वसाहतीत कुणीतरी भिंतींना गाद्या ठोकून खोलीचा स्टुडिओ केला होता. आमची पहिली कॅसेट तिथे व्हायची होती. आम्ही तिघंच. गाणी लिहिणारा, गाणारा, गिटार वाजवणारा तो; बेस गिटारवर मी; आणि हलगीवर पंचवटीच्या बाजारात भाजी विकणारे मामा. तीन गाणी झाली होती. चौथं, त्याचं सगळ्यात लाडकं, उरलं होतं. वेळ एकपर्यंतच होती, कारण नंतर एक भजनी मंडळ होतं. ते साडेबारालाच दारात येऊन बसलं.

चौथ्या गाण्यात हलगी शेवटच्या कडव्याला यायची. ऊन लागू नये म्हणून त्याने ती सकाळपासून एसीखाली जपून ठेवली होती. मामांनी काठी मारली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज.

"भाऊ, निजवली ना हिला! गारठ्यानं कातडं ढिलं पडलं. आता शेकावी लागंल."

"इथे जाळ नको हं. आणि एसीही बंद होणार नाही, मशीन तापतं," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

मामा खाली चहाच्या गाडीवर धावले. स्टोव्हवर शेकलेली हलगी खणखणत वर आली, पण शेवटचं कडवं येईपर्यंत पुन्हा गार. दोनदा हेच झालं.

"शिजली का रे हलगी?" दारातले एक आजोबा म्हणाले. "का आम्ही बसू?"

दहा मिनिटं उरली. तो एकदम उठला. "गाणं उलटं करू. आधी नुसती हलगी."

"अरे, सगळी चाल तिच्याकडे चढत जाते!" मी म्हणालो.

"मग आता तिच्यावरून उतरू दे. मामा, पळा!"

मामा हलगी टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून जिना चढले, तेव्हा टेप फिरत होती. पहिला ठोका खणखणीत पडला. तो असा गायला, की दारातली कुजबुजही थांबली. एकाच दमात गाणं झालं.

पुढे दहा-बारा वर्षं, देवळ्याच्या मैदानावरच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत, आमचं प्रत्येक गाणं हलगीने सुरू झालं. एका वर्तमानपत्राने या सुरुवातीला आमची खास शैली म्हटलं. तो अंक हातात घेऊन तो माझ्या घरी आला आणि हसून हसून खाली बसला. "एसीचं कुणाला सांगू नकोस," म्हणाला.

आज सांगितलं.